तीसपैकी अकरा

माझ्या कामाच्या टेबलावर रोज एक कागद लागतो. एकूण तीस गुणांचा. साठीच्या पुढची माणसं येतात, सोबत मुलगा किंवा सून, कधी शेजारी. तक्रार बहुतेकदा एकच असते, ‘हल्ली फार विसरतात.’ मग मी कागद पुढे ओढते आणि विचारायला लागते. आज तारीख काय? महिना कोणता? साल? आपण आत्ता कुठे बसलोय? तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवा. शंभरातून सात वजा करा, उरले त्यातून पुन्हा सात. इथे लिहिलंय ते वाचा आणि तसं करा. एक वाक्य लिहा. ही आकृती बघून तशीच काढा. दहा-बारा मिनिटांत एक आकडा हाती येतो. तो चोविसाच्या खाली गेला तर पुढच्या तपासण्या सुचवायच्या, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे.

ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सूझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी प्रसिद्ध केली. रुग्णाची बौद्धिक अवस्था डॉक्टरला पटकन आजमावता यावी, एवढाच तिचा हेतू होता. सोपी आणि कमी वेळाची असल्यामुळे ती जगभर गेली. ती शाळेत गेलेल्यांसाठी आहे असं कागदावर कुठेही छापलेलं नसतं. पण त्यातली बरीचशी कामं शाळेतलीच आहेत: वाचन, लेखन, तोंडी गणित, चित्र. शिवाय आणखी एक काम आहे, जे कागदावर दिसत नाही. समोरच्याला उत्तर ठाऊक असूनही तो आपल्याला विचारतोय, आणि आपण ते निमूट सांगायचं, ही रीत शाळेतच अंगवळणी पडते. जी बाई कधी वर्गात बसलेली नाही, तिला वाटतं की ही आपली चेष्टा चाललीय. ‘तुला म्हाईत न्हाई व्हय आज काय वार हाय ते?’ असं मला किती तरी जणींनी विचारलंय.

१९५१ च्या जनगणनेत देशातल्या बायकांपैकी नऊ टक्केसुद्धा साक्षर नव्हत्या. त्या काळात ज्यांचं शाळेचं वय होतं, त्या बायका आज माझ्यासमोर बसतात.

त्यांना तारीख विचारली की पंचाईत होते. एका आजींनी मला सांगितलं होतं, “आज एकादस हाय. साबुदाना भिजत घालायचा ऱ्हायलाय.” मी नंतर पाहिलं, एकादशी होती. मला स्वतःला ती ठाऊक नव्हती. महिना विचारल्यावर त्या श्रावण म्हणाल्या, तोही बरोबर होता. पण कागदाला हवा होता ऑगस्ट. वय विचारण्यात तर अर्थच नसतो, कारण आधार कार्डावर निम्म्या जणींचा जन्म १ जानेवारीचा. तरी सातारा जिल्ह्यातली बाई असली तर बरं पडतं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता, असं विचारलं की उत्तर येतं, ‘थोरला पोटात हुता.’ भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तिथून हिशेब लागतो.

वजाबाकीचंही तसंच. मंडईत तीस वर्षं भाजी विकलेल्या बाईंना ‘शंभरातून सात गेले किती?’ विचारलं तर त्या गप्प बसल्या. शंभराची नोट दिली, सात रुपयांची जुडी घेतली, परत किती द्याल? “त्र्याण्णव.” मग म्हटलं, त्यातून परत सात घालवा. “का? अजून एक जुडी पायजे का?” हिशेबाला कारण असावं लागतं, हे त्यांचं म्हणणं. कागदाच्या मते हिशेब पाच वेळा बिनकारणाचा करायचा असतो.

दुसरी एक चाचणी आहे, २००५ साली माँट्रियलहून आलेली. तीही तीसच गुणांची, पण जास्त अवघड. तिच्यात सिंह, गेंडा आणि उंट यांची चित्रं ओळखायची असतात, घनाकृती काढायची असते, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची असतात. शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर शेवटी एक गुण वाढवून द्यायचा. बारावी झालेल्याला एक गुण आणि ज्याने आयुष्यात पेन्सिल धरली नाही त्यालाही एकच. ही सवलत पुरत नाही हे लक्षात आल्यावर २०१५ साली कमी शिकलेल्यांसाठी तिची निराळी आवृत्ती निघाली. याच प्रकारच्या चाचण्यांत दोन गोष्टींतलं साम्यही विचारतात. संत्रं आणि केळं यांत सारखं काय? अपेक्षित उत्तर, दोन्ही फळं. एका बाईंनी मला ऐकवलं होतं, “सारखं आसतं तर दोन भाव कशाला लावले आसते?”

१९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लूरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानात शेतकऱ्यांना असेच प्रश्न विचारत फिरला होता. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांतली न जुळणारी वस्तू कोणती? शिकलेले लोक ओंडका बाजूला काढत, कारण बाकीची तीन हत्यारं. न शिकलेले म्हणत की चारही जुळतात, ओंडका नसेल तर करवत चालवायची कशावर? लूरियाने दाखवलं ते हे की वस्तूंचे असे गट पाडण्याची सवय माणूस शाळेतून उचलतो. अलीकडचं उदाहरण पोर्तुगालचं आहे. २००४ साली तिथल्या संशोधकांनी निरक्षर आणि साक्षर बायकांना एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगायला लावले. निरक्षर बायका मागे पडल्या. मग दुकानातून आणायच्या वस्तू सांगायला लावल्या, तेव्हा दोघींत फरक उरला नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मग चाचण्याच फसव्या, म्हाताऱ्या माणसांचं सगळं छान आहे. तसं नाही. कमी शिक्षण हा खऱ्या स्मृतिभ्रंशाचाही एक धोका आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत टाळता येण्याजोग्या धोक्यांच्या यादीत तो धरलाय. म्हणजे शाळेत न गेलेल्या बाईचे गुण दोन कारणांनी कमी पडतात. एक, कागद तिच्यासाठी नाही. दोन, तिला हा आजार होण्याची शक्यता खरोखर जास्त आहे. दोन्ही कारणं एकाच आकड्यात मिसळलेली असतात आणि आकड्याकडे बघून ती वेगळी करता येत नाहीत. हे मी कामात शिकले होते, पण त्याची किंमत काय असते ते माझ्या मावशीच्या वेळी कळलं.

मावशी माण तालुक्यातली. थोरल्या दादाकडे राहते. धाकट्याचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी दादाचा फोन आला आणि पाठोपाठ एका कागदाचा फोटो. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात मावशीची चाचणी झाली होती. तीसपैकी अकरा. खाली डिमेन्शिया असं लिहून तीन गोळ्या दिल्या होत्या.

दादाला गोळ्यांबद्दल विचारायचं नव्हतं. त्याला हवं होतं ते वेगळंच. काका गेल्यावर जमीन मावशीच्या नावावर झाली होती. त्यातला विहिरीकडचा तुकडा धाकट्याला बक्षीसपत्राने करून द्यायचं घाटत होतं आणि दिवाळीत येऊन तो मावशीचा अंगठा घेणार, अशी दादाला धास्ती होती. “तू यातली शिकलेली हायस. आईला आता काय कळत न्हाई, एवढं लिहून दे,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन. “ताई, आईला काहीएक झालेलं नाही. मला फोनवर सगळं विचारते ती. तू तसं लिहून दे.” दोघंही माझे भाऊ. दोघांनाही आकडा आपापल्या बाजूने हवा होता.

मी तो फोटो मोठा करून एकेक ओळ पाहिली. एकोणीस गुण गेले होते. त्यातले पाच वजाबाकीचे, तीन वाचन-लेखन-आकृतीचे, तीन तारीख-महिना-सालाचे, तीन राज्य, दवाखान्याचं नाव आणि मजला यांचे. मावशी त्या दवाखान्यात पहिल्यांदाच गेली होती आणि त्याला मजला एकच होता. एक गुण अवघड वाक्य जसंच्या तसं म्हणण्याचा. एक गुण कागदाचा: घडी घालून मांडीवर ठेवायला सांगितला होता, मावशीने घडी घालून अदबीने डॉक्टरांना परत दिला. वहिनी तिथे होत्या, त्यांनी सांगितलं. हे सोळा गुण मी मनातल्या मनात तिला परत देऊ शकत होते.

उरले तीन. सुरुवातीला ऐकलेले तीन शब्द थोड्या वेळाने पुन्हा सांगायचे. तिन्ही शून्य. ऐकल्याबरोबर म्हणून दाखवण्याचे तीन गुण मात्र पूर्ण मिळाले होते, म्हणजे शब्द तिला ऐकू आले होते, समजलेही होते. ते राहिले नव्हते. हे तीन शब्द धरून ठेवायला शाळा लागत नाही. माझी नजर तिथे अडली.

दोन दिवस रजा काढून गेले. मावशीने दारात ओळखलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मी वाळलेय म्हणून ओरडली. अंगणात पांढऱ्या चिमटीने ठिपके टाकून मिनिटभरात रांगोळी काढली. शिखर शिंगणापूरच्या चैत्रातल्या यात्रेला पायी किती वर्षं गेली ते सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण होतं, सुकडी कोण वाटायचं, कुणाची सोयरीक त्या कामावर जमली, सगळं. दादा माझ्याकडे बघेना. धाकटा असता तर म्हणाला असता, बघ!

पण मला त्यावरून काही म्हणता येत नव्हतं. रांगोळी, ओव्या, नातीगोती, बहात्तरचा दुष्काळ, या फार जुन्या वाटा. हजारदा चालून घट्ट झालेल्या. स्मृतिभ्रंशात त्या बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत राहतात. आपलं माणूस ओवी म्हणतंय म्हणून ते बरं आहे, असं घरच्यांना वाटतं. आजार आधी खातो ते ताजं, कालचं, आत्ताचं.

रात्री वहिनी चुलीपाशी एकट्या होत्या. त्यांना मी परीक्षेतला प्रश्न विचारला नाही. विचारलं, “मावशी पूर्वी करायची आणि आता करत नाही, असं काय काय आहे?” त्यांनी आधी नेहमीचं उत्तर दिलं, “वय झालं, वन्सं. आम्हीच काय करू देत न्हाई.” मग भाकरी थापता थापता एकेक निघत गेलं. बाजाराच्या दिवशी मावशी दहा जिनसा तोंडपाठ घेऊन जायची आणि दहाच्या दहा आणायची. गेल्या वर्षी दोनदा नुसती कोथिंबीर घेऊन आली, तेव्हापासून तिला पाठवत नाहीत. कालवणात दोनदा मीठ पडायला लागलं, म्हणून स्वयंपाक सोडवला. बचत गटाच्या बायकांत पैशावरून वाद झाला, म्हणून तिथलं जाणं थांबवलं. शेळीला औषध वहिनी देतात. नव्या नातसुनेला ती ‘पोरी’ म्हणते. लाडाने म्हणते असं सगळ्यांना वाटतं, पण नाव तिला आलेलंच नाही. बोलता बोलता वहिनींच्याच लक्षात आलं आणि त्या थांबल्या. एकेक काम त्यांनी मायेने काढून घेतलं होतं. काम उरलं नाही, त्यामुळे चूकही दिसेनाशी झाली.

हे आमच्या एका घरापुरतं नाही. जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी दोन तृतीयांश विकसनशील देशांत असताना त्यांच्यावर दहा टक्क्यांहून कमी संशोधन होतं, म्हणून ‘१०/६६’ असं नाव घेतलेल्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २००८ साली बऱ्याच देशांतले आकडे प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या प्रचलित निकषांनी मोजलं तर ग्रामीण भारतात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ०.३ टक्के निघत होतं. शिक्षणाचा परिणाम कमी राहील अशी या गटाची स्वतःची पद्धत होती. त्या पद्धतीने कुठल्याही ठिकाणचा आकडा ५.६ टक्क्यांच्या खाली गेला नाही. गावं तीच, माणसं तीच. प्रचलित निकषांना रोजच्या कामात अडचण आल्याचा पुरावा लागतो आणि तो घरच्यांकडून यावा लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. पुढे २०२३ साली देशभरच्या पाहणीवरून अंदाज आला की साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांमध्ये आणि खेड्यांत जास्त.

चांगली पट्टी करता येत नाही असंही नाही. हरियाणातल्या बल्लभगढच्या गावांत नव्वदच्या दशकात पंचावन्नच्या पुढच्या पाच हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली, त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश निरक्षर. त्यांच्यासाठी हिंदी चाचणी घडवताना ‘डोळे मिटा’ हे वाचायला लावण्याऐवजी ‘मी करते तसं करा’ म्हणून डोळे मिटून दाखवले. वाक्य लिहायला लावण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायला लावलं. रोजच्या जगण्यातल्या कामांची वेगळी यादी केली. सिडनीत स्थलांतरितांसाठी केलेल्या २००४ च्या चाचणीत दुकानातून आणायच्या चार वस्तू लक्षात ठेवायच्या असतात आणि वाहत्या रस्त्यावरून पलीकडे कसं जाल ते सांगायचं असतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही आपल्या भाषांत, निरक्षरांसाठी निराळ्या भागासह, चाचण्यांचा संच केलाय. साधनं आहेत. तालुक्यातल्या टेबलापर्यंत मात्र अजून तो जुनाच कागद पोचलेला असतो.

पॉला फुल्ड यांच्या चाचणीत पिशवीतल्या रोजच्या वस्तू हाताने चाचपून ओळखायच्या असतात आणि नंतर आठवायच्या असतात. दुसऱ्या दिवशी मी तिच्या धर्तीवर, अगदी घरगुती, एक खेळ केला. कापडी पिशवीत कुलूप, सुपारी, कंगवा, बटण आणि चमचा घातला. मावशीने हात घालून पाचही बरोबर सांगितल्या आणि हसली. मग आम्ही शेंगा फोडत बसलो. वीसेक मिनिटांनी विचारलं, “मावशे, पिशवीत काय काय होतं गं?”

“कुटली पिशवी?”

आकड्याने जे सांगितलं नव्हतं ते मला तिथे कळलं. अकरा हा आकडा चुकीचा होता. आणि मावशीला आजाराची सुरुवात झालेली होती. दोन्ही खरं.

जमिनीचं मात्र वेगळं होतं. संध्याकाळी आम्ही दोघीच असताना मी तिला विचारलं, विहिरीकडचा तुकडा धाकट्याला द्यायचा का? ती म्हणाली, “दिला आसता. पर हीर त्याच्याकडं गेली मंजी वरच्या रानाला पानी कुटनं? थोरला रानात ऱ्हातोय, धाकला न्हाई. हीर दोघात ठेवायची. मग काय बी करा.” दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विचारलं. आपलं याविषयी बोलणं झालंय हे तिला अजिबात आठवत नव्हतं. तरी उत्तर तेच आलं, विहिरीसकट. दुपारी निघताना तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही तेच. तिला प्रश्न आठवत नव्हता, पण तिचा निर्णय पक्का होता आणि त्यामागचं कारणही.

१८७२ चा करार कायदा बाराव्या कलमात माणूस सुजाण केव्हा मानायचा ते सांगतो: व्यवहाराच्या वेळी त्याला तो समजत असेल आणि आपल्या हिताला त्याचं काय होईल याचा सारासार विचार करता येत असेल तर. त्यात तीस गुणांचा उल्लेख नाही. मी दोन्ही भावांना समोर फोन लावून एकच गोष्ट सांगितली. मावशीची ताजी स्मृती जातेय, तिला नीट तपासायला हवं. आणि विहिरीबद्दल तिचं म्हणणं हे आहे, ते तिला आज पुरतं समजतंय, काही वर्षांनी समजेलच असं नाही. माझं बोलणं म्हणजे दाखला नव्हे. कागद करायचाच तर ती म्हणते तसा, लवकर आणि दोघांच्या समोर करा. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. धाकटाही नाही.

तपासण्या झाल्या. बी-१२ बरंच कमी होतं, त्याची इंजेक्शनं झाली. डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं, मशीन आणलं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. या तिन्हींनी ती थोडी ताजीतवानी झाली, एवढंच पाहायला पाहुणेही म्हणाले. पिशवी मात्र परत आली नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं पाहून अल्झायमरची सुरुवात असल्याचं सांगितलं आणि या वेळी त्यांनी निम्मा वेळ वहिनींशी बोलण्यात घालवला. जमिनीचा कागद अजून झालेला नाही. विहीर दोघांत ठेवायला धाकटा तयार झालाय, मोजणीची तारीख मिळायचीय.

वहिनी सातवी शिकलेल्या. त्यांना मी म्हटलं होतं, मावशीला शाळेशी ताडू नका, तिच्या कालच्याशी ताडा. काही बदललं तर लिहून ठेवा. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटींत त्या बारीक अक्षरात लिहितात आणि महिना संपला की पान फाडून मला फोटो पाठवतात. त्या चौकटीत तारीख आणि तिथी दोन्ही असतात. मीठ दोनदा, बाजारात सोबत गेल्या, पाचातल्या तीन जिनसा सांगितल्या, नातसुनेचं नाव एकदा आलं. गेल्या आषाढाच्या पानावर बेंदराच्या चौकटीत लिहिलं होतं: ‘बैलांना पुरणपोळी मागितली. दोन्ही बैलांची नावं बरोबर सांगितली. विकल्याचं आठवत नाही.’